हातोड्याच्या चड्डीचं माप

बॉक्सर हातोडा चौथ्या फेरीत आडवा झाला. दुसऱ्या दिवशी शिंपीमास्तरांनी दुकान उघडलं आणि कात्रीला हातही न लावता पराभवाची चौकशी सुरू केली. मास्तरांनी जन्मात कुणाला चापट मारली नव्हती. घरात झुरळ निघालं तरी ते बायकोला हाक मारायचे. पण हेवीवेट बॉक्सिंगचा विषय निघाला की त्यांच्यापुढे तोंड उघडायची कुणाची टाप नव्हती.

"दिवे डोळ्यांवर येत होते," मास्तर म्हणाले. "पंच तर आधीपासूनच फितूर. नाहीतर त्या कालच्या पोराची काय बिशाद? आणखी दोन लढती, की किताब परत हातोड्याकडे. लिहून घे."

शेजारचा न्हावी खांद्यावर टॉवेल टाकून दारात उभा होता. "मास्तर, काल रिंगणात आधी पोट आलं. तुमचा हातोडा मागून आला."

"पोट नाही ते, वजन. हेवीवेटला वजन लागतंच. दाढी करणाऱ्याला काय कळणार?"

न्हावी हसत निघून गेला. मास्तर मात्र घाम पुसत बसले, कारण ते पोट किती आहे हे जगात फक्त त्यांनाच नेमकं ठाऊक होतं.

अकरा वर्षं हातोड्याची सॅटिनची चड्डी तेच शिवत होते. पहिली कंबर छत्तीस. पुढे पठ्ठ्या माप द्यायचाच नाही. "तेच माप, मास्तर," म्हणायचा आणि जायचा. मास्तरांची नजर तयार होती. दर वर्षी ते गुपचूप अर्धा इंच वाढवायचे, आणि आतल्या पट्टीवर लाल दोऱ्यानं इमानेइतबारे 'छत्तीस' भरायचे. भक्ताला देवाची कंबर मोजायचा धीर होत नव्हता, दुसरं काय! हेवीवेटमध्ये वजनाला वरची मर्यादाच नाही, त्यामुळे काटाही त्याला अडवत नव्हता. उलट हातोडा पत्रकारांना सांगायचा, "वाढलंय ते सगळं छातीत आणि खांद्यांत. कंबर अजून छत्तीसच." ते कात्रण मास्तरांनी आरशावर चिकटवलं होतं. त्याच्याकडे बघून आधी त्यांची छाती फुगायची, मग ते घाईनं पाठ फिरवायचे.

चार दिवसांनी हातोडा स्वतः आला. एक डोळा बंद, ओठाला टाके.

"तीन महिन्यांनी परत लढत घेतोय," तो म्हणाला. "तेच माप. आणि मास्तर, तुम्ही माझी एकही लढत चुकवली नाहीत. खरं सांगा, अजून दम आहे ना माझ्यात?"

हो म्हणावं, तर हा पुन्हा रिंगणात जाणार आणि दुसरा डोळाही घालवून बसणार. अख्ख्या गल्लीला तासतासभर व्याख्यान देणाऱ्या मास्तरांनी गळ्यातली टेप काढली, हातोड्याच्या कमरेभोवती गुंडाळली आणि तिचा आकडा त्याच्यापुढे धरला.

बेचाळीस.

"टेप आटलीय तुमची," हातोडा म्हणाला.

"टेप ठीक आहे. खोटा मी होतो." मास्तरांनी सगळं सांगून टाकलं. सांगताना त्यांना रडू आलं आणि त्याची लाजही वाटली.

हातोडा स्टुलावर बसला. "कोच खोटं बोलतो, बायको खोटं बोलते, ते मला कळतं," तो म्हणाला. "पण चड्डी खोटं बोलेल असं वाटलं नव्हतं. आता खरी छत्तीसची शिवा. इथेच टांगून ठेवा. अंगाला बसेल त्या दिवशी लढत घेईन."

मास्तरांनी ती शिवली, अगदी मापात. हातोडा दर सोमवारी सकाळी यायचा, हात वर करून उभा राहायचा, आणि मास्तर आकडा मोठ्यानं वाचायचे. पाचव्या सोमवारी कंबर एक्केचाळीसवर आली. मास्तरांनी आनंदानं त्याची पाठ थोपटली. सहाव्या सोमवारी तो आला नाही. सातव्याही नाही.

तीन महिन्यांनंतरची ती लढतीची तारीखही उलटून गेली. चड्डी आरशाशेजारच्या खिळ्यावरच होती. तिच्या रुंद पायांवर धूळ बसली, तेव्हा न्हाव्याला राहवलं नाही.

"काय मास्तर, तुमच्या हातोड्याचं पुढे काय?"

एरवी मास्तरांनी दिवे, पंच आणि दोन लढतींचा हिशेब मांडला असता. त्यांनी चड्डी उतरवून झटकली आणि पुन्हा खिळ्याला अडकवली.

"एक्केचाळीस," ते म्हणाले, आणि मशीन सुरू केलं.