कांचनकाकूंची घार

अमेरिकेतल्या ट्रॉय शहराच्या मराठी मंडळात कांचन तळवडेकरांना सगळे ‘घारकाकू’ म्हणत, आणि त्याला कारण त्या स्वतःच होत्या. पती चंद्रशेखर गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर, आणि सुट्टी लागली की मासे धरायचा नाद. त्यापायी त्यांनी मिशिगनच्या उत्तरेला एका तळ्याकाठी केबिन भाड्यानं घेतली. १९८१च्या उन्हाळ्यात तिथं पांढऱ्या डोक्याच्या एका पक्ष्यानं पाण्यातून मासा उचलला. मालवणच्या खाडीकाठी वाढलेल्या काकूंनी मंडळाच्या पिकनिकला, भर पंगतीत, जाहीर केलं की आपली पांढऱ्या डोक्याची घार इथंही आहे, फक्त इथलं खाऊन जरा फोफावली आहे.

पंगत हसून लोटपोट. ज्याचं चित्र प्रत्येकाच्या खिशातल्या नाण्यावर, त्या बाल्ड ईगलला, अमेरिकेच्या गरुडाला, या घार म्हणतात! लेक दीपासुद्धा हसली. काकूंना ते फार लागलं. पण त्या रुसून बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी लायब्ररीतून पुस्तकं आणली, दुर्बीण घेतली, आणि पुढची चार वर्षं त्या तळ्यावरचं बारीकसारीक वहीत उतरवलं.

वहीतून गरुडाचा सगळा संसार उभा राहिला. पंखांचा पसारा सात फूट, मादी नरापेक्षा मोठी. पिल्लू जन्मतः पांढऱ्या डोक्याचं नसतंच. चार-पाच वर्षं त्याचं डोकं तपकिरीच असतं. घरटं बांधायला उंच, जुनं, मजबूत झाड हवं, खाली मासळीनं भरलेलं पाणी हवं, आणि माणसांची वर्दळ नको. हिवाळ्यातही न गोठणारं पाणी कुठंतरी जवळ लागतं. इतकं सगळं एकत्र जुळणारी जागा त्या तळ्याकाठी एकच होती, एक म्हातारा पाइन, आणि १९८५च्या वसंतात नेमका तोच तोडायचा बेत ठरला. जमीनमालकाला तिथं केबिन बांधायच्या होत्या.

गरुडाचं घरटं असलेलं झाड कायद्यानं तोडता येत नाही, म्हणून गावच्या हॉलमध्ये सुनावणी झाली. मालकाचा माणूस म्हणाला, घरट्यावर बसलेला पक्षी पूर्ण तपकिरी आहे, म्हणजे साधा ससाणा. गरुड तिथं आता राहत नाहीत. सभेत माना डोलल्या. झाड तोडायला परवानगी मिळणार, हे उघड होतं.

तेव्हा साडी आणि स्निकर्स घातलेल्या काकू उठल्या. इतक्या लोकांसमोर पुन्हा चुकले, तर ‘घारकाकू’ हे नाव जन्मभर चिकटेल, आणि झाडही जाईल. पण वही हातात होती. ती मादी आहे, अजून चार वर्षांचीच, म्हणून डोकं तपकिरी, असं त्यांनी सांगितलं. मालकाच्या माणसानं हसून विचारलं की हे ओळखायचं कशावरून. काकूंनी वही उघडली.

“पाय बघा,” त्या म्हणाल्या. “खाली पोटऱ्यांना पिसं नाहीत, पिवळे, उघडे, ससाण्याच्या दुप्पट जाड पाय आहेत. आमच्या गावचे कोळी पाण्यात उतरताना कपडे वर खोचतात, तसे. आणि चोच बघा, ससाण्याची इतकी जाड नसते. तुम्ही डोकं बघताय, मी पाय बघितलेत.”

वन्यजीव खात्याच्या तरुण बाईंनी निर्णय एक दिवस थांबवला, आणि दुसऱ्या सकाळी दुर्बीण घेऊन त्या स्वतः तळ्यावर आल्या. बराच वेळ बाई बघत राहिल्या. पाय उघडे होते, चोच जाड होती. तेवढ्यात पांढऱ्या डोक्याचा नर मासा घेऊन आला, आणि घरट्यातून दोन राखाडी डोकी वर आली. बाईंनी दुर्बीण खाली ठेवून काकूंचा हात हातात घेतला. झाड वाचलं, आणि भोवतालची जागाही मालकाला सोडावी लागली.

पुढच्या वर्षी मंडळाची पिकनिक त्या तळ्यावर निघाली, अर्थात झाडापासून लांब. पंगतीत जे हसले होते, तेच दुर्बिणीसाठी रांगेत उभे होते. काकूंनी पहिला नंबर दीपाला दिला. ती बघत राहिली, आणि हळूच म्हणाली, “आई, हर हेड इज व्हाइट नाउ.”

काकूंनी वहीत तारीख टाकली, आणि पुढे मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘घार’.