जिंकणाऱ्या मॅनेजरचा सत्कार

मी शिडीवर चढून गोलाच्या जाळीची गाठ मारत होतो, आणि खालून अध्यक्ष म्हणाले, "मिस्त्री, क्लबतर्फे आम्ही तुमचा जाहीर सत्कार करणार आहोत."

मी वरूनच विचारलं, "कशापायी?"

"अहो, सलग तीन वर्षं जिल्ह्याचा कप आणलात!"

"मग पहिल्या वर्षी का नाय केला?"

यावर त्यांनी रुमाल काढून चष्मा पुसायला घेतला. आमचे अध्यक्ष म्हणजे कुलकर्णी वकील. वकील माणूस बोलता बोलता चष्मा पुसायला लागला की समजावं, साक्षीदार फुटला. मी खाली उतरलो. त्यांनी पेढा पुढं केला. मी घेतला. पेढ्याशी माझं भांडण नव्हतं.

वाचणाऱ्याला आधी माझा धंदा सांगतो. पोटासाठी मी पंपांच्या जळालेल्या मोटारी बांधून द्यायचो, गारखेड्यात दुकान होतं, म्हणून मिस्त्री. पण खरं काम फुटबॉल क्लबाच्या मॅनेजरचं. क्लबाचं नाव लिहीत नाय, नावावरून अजून भांडणं होतात. शिक्षण म्हणाल तर निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शननंतर आमची शाळा उर्दूची मराठी झाली आणि मी चौथीत दोन्ही भाषांत नापास झालो. तिथून पुढं मी शाळेला आणि शाळेनं मला त्रास दिला नाय.

मॅनेजर म्हणजे बँकेतला नव्हं. फुटबॉलात मॅनेजर म्हणजे अकरा जणांत कोण खेळणार, कोण कुठं उभं राहणार आणि कुणाला मधेच बाहेर बोलवायचं, हे ठरवणारा. आमच्याकडं त्यात आणखी कामं होती. मैदानावर चुना मारायचा, बॉलात हवा भरायची, आणि ज्या पोरांची शेंद्र्याच्या कारखान्यात शिफ्ट असेल त्यांच्या सुपरवायझरला जाऊन मस्का लावायचा.

टीम निवडायची माझी पद्धत वेगळी होती. नवा पोरगा आला की त्याला घेऊन वर्दळीच्या क्रांती चौकात जायचो. सांगायचो, "पलीकडं जा आन् परत ये." मी टपरीवर चहा घेत बघत बसायचो. जो रिक्षा आणि एसटीच्या मधल्या फटीतनं सुटला, तो विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेकडेनं पळणारा. जो जाता जाता एखाद्या म्हातारीचा हात धरून तिलाही पलीकडं सोडून आला, तो हाफ, म्हणजे मधे राहून सगळ्यांना बॉल पुरवणारा. जो थांबला, दोन्हीकडं बघितलं आणि परत थांबला, तो बॅक, राखणदार. आणि इसाक नावाचा एक पोरगा चौकाच्या मधोमध उभा राहिला आणि दोन्ही हात पसरून गाड्याच थांबवायला लागला. हवालदारानं शिटी मारली. यानं हवालदारालाही हात दाखवला. त्याच दिवशी मला गोलकीपर मिळाला. पुढं तोच कॅप्टन झाला.

या पद्धतीनं तीन कप आले. आता सत्काराचं.

आपल्याकडं शाल कुणाला देतात ते बघा. मास्तर रिटायर झाला, शाल. साहेबाची बदली झाली, शाल. ज्याला तोंडावर "जा" म्हणता येत नाय, त्याच्या अंगावर शाल टाकतात आणि हातात नारळ देतात. दुसऱ्या दिवशी तो माणूस आपल्या पायानं कामावर गेला तर लोक विचारतात, "अरे, तुम्ही अजून इथंच?"

संध्याकाळी इसाक दुकानावर आला. "क्या मिस्त्री, तुमकू निकाल रहे बोलके सुना."

"कोण म्हणलं?"

"कोई नय बोला. सब तारीफ कर रहे. इसलिए डर लगा."

पोरगा हुशार. त्यानंच सांगितलं की शेंद्र्याच्या एका कारखान्यात पुण्याहून जोशी नावाचे इंजिनिअर आलेत, त्यांच्याकडं फुटबॉल शिकवायचं सर्टिफिकेट आहे, आणि वकीलसाहेब दोनदा त्यांच्याकडं चहाला जाऊन आलेत.

मी शटर ओढलं आणि थेट वकिलांच्या घरी गेलो.

"साहेब, मला काढायचंय का?"

"छे छे! असं कोण म्हणेल?"

"म्हणा की. तुम्ही तोंडानं म्हणा, मिस्त्री, जा. मी उद्या किल्ल्या आणून देतो. पण स्वतःहून नाय जाणार."

"मिस्त्री, तुम्ही उलटं घेताय. असं बघा, हॉटेलवाला भज्यांचं तेल कधी बदलतो? काळं पडल्यावर? चांगला हॉटेलवाला आधीच बदलतो, भजी चांगली लागत असतानाच."

"तेल बदला ना. तुम्ही तर कढईच फेकायला निघालात."

त्यांना हसू आलं. मलाही आलं. हीच तर अडचण होती. माणूस गोड होता. माझा गुडघा दुखतो, पोरं शिकलेली आलीत, जिल्ह्याच्या पुढं जायचं तर नवं काहीतरी पाहिजे, हे त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पण ते एवढ्या साखरेत घोळवून सांगायचे की हातात नुसती साखर उरायची. शेवटी म्हणाले, "सत्कार आहे हो, नुसता सत्कार. वहिनींनाही आणा."

मी घरी येऊन बायकोला सांगितलं, "रविवारी मला काढणारेत. तुलाबी बोलावलंय."

ती म्हणाली, "जेवण हाय का?"

रविवारी गारखेड्यातलं मंगल कार्यालय गच्च भरलं. आमची पोरं, त्यांच्या आया, बहिणी, कारखान्यातले सुपरवायझर, झाडून सगळे. स्टेजवर तीन खुर्च्या. मधे मी, एका बाजूला वकीलसाहेब, दुसऱ्या बाजूला एक तरणाबांड चष्मेवाला माणूस, इस्त्रीचा शर्ट. तेच जोशी. टेबलावर नारळ आणि घडी केलेली शाल. शाल भारी होती. बायको पहिल्या रांगेत बसून माझ्याकडं नाय, शालीकडं बघत होती.

आपल्या सत्कारात आधी भाषणं, मग शाल. वकिलांची सगळी चूक इथं झाली. शाल आधी टाकली असती तर मी संपलो होतो. पण रीत म्हणजे रीत. आणि भाषणाची अशी रीत की मागच्यानं जेवढं कौतुक केलं, पुढच्यानं त्याच्यावर एक वीट ठेवायची. ठेवली नाय तर लोक म्हणतात, याच्या मनात काहीतरी आहे.

सेक्रेटरी पहिले उठले. ते मला काढायच्या बाजूचे. नेमके म्हणूनच ते घाबरून जास्त बोलले. मी क्लबाचा आधारवड आहे म्हणाले. मग इसाक उठला. माईक हातात घेतला, "मिस्त्री नय तो हम भी नय," एवढं बोलला आणि रडायला लागला. सहा फुटी गोलकीपर रडतो तेव्हा बायका तर रडतातच, सुपरवायझरनंही डोळे पुसले. वकिलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाजवाव्याच लागल्या.

तिसरे उठले बेगसाहेब. हे छावणीकडच्या क्लबाचे सेक्रेटरी. तीनही वेळा फायनलला आमच्याकडून हरलेले. शत्रूला सत्काराला बोलवायचं ही आपल्याकडची खानदानी पद्धत, आणि वकील पद्धतीचे पक्के. पण आतली गोष्ट बेगसाहेबांना सांगायला ते विसरले होते.

बेगसाहेबांनी शेरवानीची गुंडी लावली आणि म्हणाले, "मी आज फार खुश आहे. तीन साल से आम्ही दुवा मागतोय की या मिस्त्रीचा सत्कार होवो. अल्लाहनं ऐकलं. वकीलसाहेब, तुमचे लई शुक्रगुजार आहोत. आता पुढचा कप आमचा!"

आणि हॉलला नमस्कार करून बसले.

त्यांनी बिचाऱ्यांनी चेष्टाच केली होती. पण मागून कुणाची तरी आई ओरडली, "म्हंजी? काढायलेत व्हय मिस्त्रीला?"

जी गोष्ट इतके दिवस कुणी चारचौघांत तोंडातून काढली नव्हती ती मोकळी सुटली. पोरं खुर्च्यांवर चढली. वकील उठून म्हणाले, "शांत राहा! गैरसमज होतोय! आपले पाहुणे जोशी सर दोन शब्द बोलतील." पाण्याऐवजी त्यांनी रॉकेल ओतलं.

जोशी माईकपाशी आले. घाम फुटला होता. म्हणाले, "मला असं सांगण्यात आलं होतं की मिस्त्रींना स्वतःलाच आता थांबायचं आहे."

"कोण म्हणलं?" मी खुर्चीवरूनच विचारलं.

जोशींनी वकिलांकडं बघितलं. वकिलांनी सेक्रेटरींकडं बघितलं. सेक्रेटरींनी नारळाकडं बघितलं.

हॉल हसायला लागला. असा हसला की वरच्या पताका पंख्यानं हलत होत्या का हसण्यानं, कळेना. बेगसाहेब सगळ्यात मोठ्यानं. आणि मला खरं सांगतो, माझ्या डोक्यात काहीतरी चढलं. आयुष्यात दारूला हात लावला नाय, पण ती चढते कशी ते मला त्या दिवशी समजलं. एवढी माणसं एका माणसासाठी ओरडतायत आणि तो माणूस आपण!

वकिलांना वाटलं, आता लवकर उरकावं. त्यांनी शाल उचलली, झटकन घडी मोडली आणि माझ्या मागं आले. मी उठून उभा राहिलो. ते डाव्या बाजूनं आले, मी उजवीकडं सरकलो. ते उजवीकडून आले, मी खुर्ची मधे घेतली.

"मिस्त्री, लोक बघतायत," ते दातांतून म्हणाले.

"म्हणूनच तर. आधी जाहीर करा, पुढच्या वर्षीचा मॅनेजर कोण."

"ते कमिटी ठरवेल."

"कमिटी इथंच बसलीय. विचारा."

त्यांनी विचारलं नाय. इसाकनं विचारलं. माईक हिसकावून म्हणाला, "मिस्त्री पाहिजे त्यांनी हात वर करा!" सगळ्यांनी केले. कमिटीच्या माणसांनी आजूबाजूला बघून केले. सेक्रेटरींनी दोन्ही केले. जोशींनीही केला. आत्ताच "पुढचा कप आमचा" म्हणणारे बेगसाहेब, त्यांचाही हात वर! शेजारच्यानं त्यांना ढोसलं तर म्हणाले, "अरे, माहौल आहे!"

फक्त वकिलांचे हात वर नव्हते. त्यांच्या हातात शाल होती. ती ठेवायला जागा नव्हती, आणि सत्काराची शाल परत घडी करून ठेवणं अशुभ. बिचारे शाल पसरून उभे, जशी काही वाळत घातलीय. मला त्यांची दया आली. मी पुढं झालो, त्यांच्या हातातून शाल घेतली आणि त्यांच्याच खांद्यावर टाकली. नारळही दिला.

हॉलमधे जे झालं ते लिहिता येत नाय. पोरांनी वकिलांना खांद्यावर घेतलं आणि कार्यालयाला फेरी मारली. ढोल नव्हता तर जेवणाची पातेली वाजवली. वकील वरून ओरडत होते, "अरे, मला उतरवा, मी हार्टचा पेशंट!" आणि हसत होते. मी त्यांना तसं हसताना आधी कधी बघितलं नव्हतं. बायको तेवढी हसत नव्हती. "शाल दुसऱ्याला दिली," एवढंच म्हणाली, आणि वाढपी कुठं दिसतोय ते बघायला लागली.

पंगतीत जोशी माझ्या शेजारी बसले. म्हणाले, "मला खरंच माहीत नव्हतं."

"माहीत हाय. सर्टिफिकेट कशाचं तुमचं? काय काय येतं?"

"फिटनेस, डाएट, फॉर्मेशन." फॉर्मेशन म्हणजे मैदानावर माणसं कशी मांडायची त्याचा नकाशा.

"मग या उद्यापासून. पोरांना पळवा, नकाशे काढा."

"आणि मॅनेजर?"

"मी."

"आणि आपलं दोघांचं पटलं नाही तर?"

"मग मी म्हणतो ते."

त्यांनी विचार केला आणि "चालेल" म्हणाले. जिलेबी लई चांगली झाली होती, तिचाही हात असेल.

आता निकाल सांगतो. वकिलांनी पुढच्याच मीटिंगला अध्यक्षपद सोडलं. आम्ही सगळ्यांनी समजावलं की ती गंमत होती. ते म्हणाले, "नाही हो, एकदा अंगावर शाल पडली की माणसानं मागं फिरू नये. आणि घरात हिला फार आनंद झालाय." पुढच्या मोसमात आम्ही फायनलला गेलोच नाय, सेमीफायनलला हरलो. जोशींचा नकाशा चांगला होता, मी तो मधेच बदलला. मी अजूनही म्हणतो बरोबर बदलला, जोशी अजूनही म्हणतात नाय. कप बेगसाहेबांनी नेला आणि दुसऱ्या दिवशी मला पेढे पाठवले.

पण त्या सेमीफायनलचा मला आनंद वेगळ्याच गोष्टीचा आहे. शेवटची दहा मिनिटं राहिली होती, आम्ही एका गोलनं मागं होतो, आणि माझ्या पाठीमागून कुणीतरी घसा फोडून ओरडलं, "अरे, काढा या मिस्त्रीला! डोकं फिरलंय याचं!"

मी वळून बघितलं. कुलकर्णी वकील. तिकीट काढून, साध्या माणसांत, बाकावर उभे.

मी म्हणालो, "आता कसं बोललात!"

"मागच्या वर्षीच बोलणार होतो!" ते म्हणाले. "पण तेव्हा अध्यक्ष होतो ना!"

मी काय गेलो नाय. पुढंही बरीच वर्षं राहिलो, थोडे कप आणले, लई घालवले. लोक मला अजून विचारतात, मॅनेजर जिंकतोय, सगळ्यांना आवडतोय, तर त्याला बदलावं का? माझं मत सरळ आहे: बदलू नये. आणि बदलायचाच असेल तर घरी बोलवून, दार लावून, तोंडावर सांगावं. त्याच्यासाठी हॉल बुक करू नये.