झेरॉक्सच्या दुकानातली तोफबाजी

मासेमारी बंदीच्या दिवसांत आमच्या देवबागात होड्या किनाऱ्यावर, माणसं रिकामी, आणि मासे नसले तरी किस्से टोपलीभर! त्यातले निम्मे माझ्या झेरॉक्सच्या दुकानात घडतात. गावाला वाटतं, शुभा तिखटमीठ लावते. लावते थोडं. पण यंदाचं जसंच्या तसं सांगते.

दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर मी एक फुकटचा गेम टाकला होता. काटेरी साळिंदरांच्या दोन टीम. आळीपाळीने एकमेकांवर तोफ डागायची, प्रत्येक टर्नला तीस सेकंद. वारा कुठून आहे ते खाली बाणाने दाखवतात. एवढंच, पण अख्खी आळी वेडी झाली!

*

बाबीदादा म्हणजे गावातला पट्टीचा तांडेल. होडी कधी काढायची, कधी नाही, ते त्याला विचारूनच ठरतं. पहिल्याच टर्नला तो उठून दाराबाहेर गेला, माडाच्या झावळ्या बघून आला, नेम धरला आणि तोफ डागली. गोळा फिरून त्याच्याच साळिंदरावर!

"दादा, वारो स्क्रीनवरचो बघूचो!"

"बाहेर पश्चिमेचो सुटलो आसा. तुझो कॉम्प्युटर खोटां बोलता!"

पुढचे दोन गोळेही त्याने झावळ्या बघूनच मारले.

*

शांतीमावशी मासे विकते, बंदीत सुकी मासळी. रेशनकार्डाचा फॉर्म भरायला आली आणि स्क्रीनसमोरच बसली.

"केवढ्याक घेतलंस गो?"

"फुकट मावशी. कोडसुद्धा उघडो. कोणीय घ्या, कोणीय बदला."

"म्हणजे ह्येका मालक नाय?"

"सगळेच मालक."

"मगे तर भांडणांच भांडणां!"

सगळे हसले आणि एकदम गप झाले. कारण एका बाकावर बाबीदादा होता आणि दुसऱ्यावर त्याचा धाकटा भाऊ संतोष. त्यांचे वडील, आबा, गेल्यापासून होडी दोघांच्या नावावर. संतोषला ती विकून पर्यटकांसाठी स्पीडबोट घ्यायची होती आणि बाबीदादा सही करत नव्हता. शिमग्यापासून दोघांचं बोलणं बंद. मावशी मात्र निवांत फॉर्मवर अंगठा द्यायला शाई शोधत होती.

*

शनिवारी होडी बघायला गिऱ्हाईक यायचं होतं. शुक्रवारी दुपारी दोघे भाऊ दुकानात समोरासमोर आले आणि मावशीच वैतागली.

"खेळा आता! जो हरतलो तो गप रवतलो!"

मला वाटलं, थट्टा. पण दोघांनी खुर्च्या ओढल्या. आपापल्या टीममधल्या साळिंदरांना नावं टाईप केली. जिंकणारा सांगेल तसं होडीचं होणार, हे न बोलताच ठरलं.

"शुभा, त्येका सांग, तुझो टर्न."

"शुभा, त्येका सांग, माका दिसता."

मधे मी, टपालखात्यासारखी! बसलेत हातभर अंतरावर! एरवी मी पोट धरून हसले असते, पण त्या दिवशी खरंच भीती वाटत होती. यातला एक जण उठून जाईल तो कायमचा.

*

अर्ध्या तासात बाबीदादाची तीन साळिंदरं गेली, संतोषचीही तीन. उरलं एकेक. बाबीदादाही आता झावळ्या सोडून स्क्रीनवरचा बाण बघूनच मारत होता. नेम एवढे अचूक असताना उरलेल्या त्या दोन साळिंदरांना अजून ओरखडासुद्धा कसा नाही, म्हणून मी वाकून बघितलं. बाबीदादाच्या साळिंदराच्या डोक्यावर नाव होतं, 'आबा'. संतोषच्याही डोक्यावर तेच.

टर्न संतोषचा. वारा शून्य, नेम बरोबर. तीस सेकंद संपले. त्याने बटण दाबलं नाही.

मग बाबीदादाचा टर्न. त्याचेही तीस सेकंद तसेच गेले.

मावशी काहीतरी बोलायला गेली, मी तिचा हात दाबला. परत संतोष. परत बाबीदादा. खेळ फार रेंगाळला की दर टर्नला समुद्र वर चढतो, असा त्या गेमचा नियम आहे. पाणी चढायला लागलं. दोघे आळीपाळीने माऊसवर हात ठेवून नुसते बघत होते. पाणी दोन्ही आबांच्या पायांशी आलं.

बाबीदादा खुर्चीवरून उठून ओरडला, "संत्या, बंद कर रे! आबाक पोहूक खंय येय!"

संतोषने वायर आधीच उपटली होती.