चार दिवसांची घोंगडी

"मला शिवू नका, मी बाजूला हाय."

दाराशी घोंगडी टाकून आमची बायको असं म्हणायची. पाळी आली की बायका पूर्वी चार दिवस वेगळ्या बसायच्या, ते तुम्हीही पाहिलं असेल. पण हिची पाळी कायमची गेल्यावरही ही बसली.

मी मार्केट यार्डात हमाल. ती तिथंच एका गाळ्यावर मिरच्यांचे देठ खुडायची. लग्नाआधीची ओळख तिथली. मी पोतं आपटलं की शिंकत म्हणायची, "पैलवान, हळू. मिरची हाय, वैरी न्हाय."

चाळिशीच्या आतच तिच्या अंगावरून फार जायला लागलं. डॉक्टरांनी पिशवी काढली. घरी आणल्यावर आई म्हणाली, "सुटलीस बाई. आता बाराही महिने देवाला चालतीस." मलाही बरं वाटलं. तोवर ते चार दिवस आई चूल बघायची. त्या दिवशी तिनं पळी खाली ठेवली, ती पुन्हा हातात घेतली नाही. स्वयंपाक, देवपूजा, नैवेद्य, सगळं हिच्या गळ्यात. महिन्यातला एक दिवस सुटा नाही.

आणि हिला मध्येच वाफा यायच्या. गाळ्यावर तोंड लाल, पोलकं भिजलेलं. बाकीच्या म्हणायच्या, मिरची चढली. घरी आमटी ढवळताना रडायची. का म्हणून विचारलं तर, "मला तरी कुठं ठावं?" कधी भांडी आपटायची. नाटकं बंद कर, असं मी म्हणायचो. म्हणायचो ते म्हणायचो, आता लपवून काय करू?

मग एका सकाळी तिनं घोंगडी काढली आणि दाराशी बसली. आईनं घर डोक्यावर घेतलं. आता कसले चार दिवस, लोक हसतील. ही हलली नाही. म्हणाली, "तेवढे दिवस मला कुणी हाक मारत नव्हतं. तेवढं तरी ऱ्हाऊ द्या."

पुढच्या महिन्यात तेच. मी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेली आणि हिला वेड लागलंय म्हणून सांगितलं. बाई माझ्यावरच घसरल्या. ऑपरेशननं पाळी अशी अवेळी गेली की अंग तापतं, झोप उडते, जीव कशात लागत नाही. वेडबीड काही नाही. गोळ्या देते, पण घरी विसावाही द्या.

गोळ्या आणल्या. विसाव्याचं आईला सांगायची माझी छाती झाली नाही. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेणारा माणूस मी. उलट घोंगडी गुंडाळून मीच माळ्यावर फेकली.

ती पुन्हा बसली नाही. पुढं आई गेली, तेव्हा मी विचारलं, "काढू का गं खाली?"

"नको. आता बसायचं विसरले मी."

गेल्या श्रावणात तीही गेली. सुतक म्हणून देव बंद, चूल बंद. भाऊबंद डबे आणत होते. घरात तिला हाक मारणारं कुणी नव्हतं. मी माळ्यावरची घोंगडी काढली, झटकली आणि दाराशी टाकली.

भेटायला आलेला मेहुणा त्या घोंगडीवर टेकायला लागला.

"तिथं शिवू नकोस," मी म्हणालो. "ती बाजूला हाय."