बाबांना न चालणारा शब्द

आमच्या घरात शिव्या चालायच्या. कापडगिरणीतून थकून आलेल्या माणसाच्या तोंडून एखाददुसरी जायचीच. ‘दलित’ मात्र चालायचा नाही. बाबांनी दीक्षा घेतली तेव्हा मी मायच्या कडेवर होते. देव्हाऱ्यातले देव टोपलीत भरून नदीत सोडले, तेव्हाच मागचं सगळं सोडून झालं, असा त्यांचा हिशेब. “आपण बौद्ध,” एवढं म्हणून ते विषय संपवायचे.

वाचायला ते दीक्षेनंतर शिकले, वस्तीतल्या प्रौढांच्या वर्गात. पहिली पाळी करून आले की आंघोळ, धुतलेला सदरा, आणि कोपऱ्यावरचं वाचनालय. वाचनालय म्हणजे वस्तीने वर्गणी काढून बांधलेली टिनाच्या छपराची खोली. तिच्या विटा बाबांनीही वाहिल्या होत्या. तिथे शब्दाखाली बोट ठेवून ते मोठ्याने पेपर वाचायचे, आणि वाचता न येणारे म्हातारे भोवती बसून ऐकायचे. एकही शब्द गाळायचे नाहीत, अगदी सिनेमाच्या जाहिरातीसुद्धा. मला ते बाबा फार आवडायचे.

भाऊ माझ्याहून मोठा. तो कॉलेजात गेला आणि सत्तरनंतर कधीतरी तो शब्द घेऊनच घरी आला. त्याच्या तोंडी तो ताठ मानेचा होता. मोर्चात ओरडताना त्याचा चेहरा मी पाहिला आहे, म्हणून मी त्याला नावं ठेवत नाही. अक्षर त्याचं मोत्यासारखं. कोपऱ्यावर काळा फळा होता, त्यावर वस्तीतल्या सभा, लग्नं, मरणं खडूने तोच लिहायचा. एका रविवारी त्याने वाचनालयावर पाटी रंगवून लावली: दलित तरुण वाचनालय.

बाबा दारापर्यंत गेले, पाटी वाचली आणि परत आले. संध्याकाळी जेवताना म्हणाले, “दलित म्हणजे दळलेला. मी काय जात्यातलं दळण आहो का?”

“दळलं त दळलं म्हणायले लाज कायची?” भाऊ म्हणाला. “लाज दळणाऱ्याले वाटली पाहिजे.”

मला दोघांचंही पटलं, आणि तीच माझी पंचाईत. दोघांपैकी एकही खोटा असता तर मी सुखी झाले असते.

बाबा वाचनालयात पुन्हा गेले नाहीत. मायच्या सांगण्यावरून भाऊ संध्याकाळी तिथला पेपर घरी आणू लागला. पण पेपरावर वाचनालयाच्या नव्या नावाचा शिक्का असायचा. शिक्का दिसला की बाबा पेपर तसाच खाटेवर ठेवायचे. मग ते किराण्याच्या पुड्यांचे कागद हाताने सरळ करून वाचू लागले. शिळ्या, अर्ध्या फाटलेल्या बातम्या. एखादा खून व्हायचा, पण खुनी पुढच्या पुडीत कधी सापडायचा नाही. म्हाताऱ्यांचं ऐकणं मात्र कायमचं तुटलं.

घराबाहेर त्या शब्दाची निराळीच तऱ्हा. कुहीकडे मामाच्या गावी अजून जातीचं जुनंच नाव चालायचं. तिथे कोणी ‘दलित’ म्हटलं असतं तर मामाला बढती मिळाल्यासारखं वाटलं असतं. इतवारीतला कापडवाला शेठ मोठ्या प्रेमाने ‘हरिजन’ म्हणायचा, आणि पैसे हातात न घेता गादीवर ठेवायला सांगायचा. मी शाळेत शिकवायला लागले तेव्हा महाल मोहल्ल्यातल्या एक बाई माझ्यापुढे चहा सरकवत म्हणाल्या, “तुम्ही मुळीच दलित वाटत नाही हो.” ते कौतुक होतं. मी चहा प्यायले; दुसरं काय करणार होते? निवडणुका आल्या की जीपमधून ‘दलित बंधूंनो’ अशी हाक यायची. बाबा शेजाऱ्याला विचारायचे, “हे कोणाले बोलून राहिले गा?”

पुढे मोर्चे विरले. गट पडले, गटांचेही गट पडले. भावाला एका पक्षाने व्यासपीठावर खुर्ची दिली, आमच्या मतांसाठी. आता समोर कोण आहे ते पाहून भाऊ तो शब्द काढू लागला. वाचनालयातले पेपर बंद झाले, कॅरम आला, मग कुलूप लागलं. पाटी राहिली. बापलेक एका घरात जेवत होते, पण मीठ मागायचं तरी मायकडून मागवायचे.

कापसाच्या धुळीने बाबांची छाती भरलीच होती. एका सकाळी ते गेले. माणसं जमू लागली, मी कोपऱ्यावर आले तर फळ्यावर ओलं वाटावं इतकं ताजं लिहिलेलं होतं: ‘ज्येष्ठ दलित कार्यकर्ते’, आणि खाली बाबांचं नाव. मी पदराने तो एक शब्द पुसला. भाऊ मागेच उभा होता, खडू हातात.

“काहून पुसलं वं?”

“बाबाले चालत नव्हतं.”

“मले मालूम आहे,” तो म्हणाला. “पण माझ्याजवळ दुसरं काय आहे त्याले द्यायले? सारी जिंदगी याच एका शब्दात गेली माही.”

तो रडत होता. मला त्याचा राग येत होता आणि कीवही. मी बाजूला झाले. पुसलेल्या जागी त्याने तो शब्द पुन्हा लिहिला. अक्षर अजून तसंच सुरेख होतं.

तेवढ्यात वाचनालयात बाबांपुढे बसणाऱ्यांपैकी एक म्हातारा काठी टेकत आला. फळ्याकडे बघून म्हणाला, “काय लिहिलं हाये बाई? वाचून सांग. तुहा बाप सांगत होता.”

भाऊ शेजारीच उभा होता. मी बोट ठेवून सगळं वाचलं, एकही शब्द न गाळता.