वस्तादांच्या लंगोटातली घडी

पाचोडच्या तालमीत कडूबा वस्तादांचा दरारा असा, की ते दारात नुसते खाकरले तरी आत जोर मारणारी पोरं पाठ सरळ करायची. उमेदीत त्यांनी आसपासच्या जत्रा गाजवल्या, गुडघे कुरकुरायला लागल्यावर पोरं घडवली, आणि गावच्या जत्रेतल्या कुस्त्यांना पंच म्हणून मातीत उतरायचे तेही तेच. जमीन नावापुरती. संसार सगळा हमालीवर ओढलेला. पण मान असा, की आठवडी बाजारात त्यांना कुणी उभं राहू देत नसे, बसायला पोतं पुढं सरकायचंच.

अशा माणसाला प्रोस्टेटनं गाठलं. लघवी तुंबून पोट टम्म झालं, तसा थोरला सोमनाथ शेंद्र्याच्या कंपनीत सुट्टी टाकून आला आणि बापाला संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. ऑपरेशन झालं, चांगलंच झालं. नळी काढली त्या दिवशी वस्ताद खाटेवरून उठले आणि पायावरून ऊन ओघळ उतरला. त्यांना वाटलं, पाण्याचा तांब्या कलंडला. तांब्या होता तिथंच होता.

डॉक्टर म्हणाले, काही जणांना होतं असं, हळूहळू आवरेल, व्यायाम मात्र करावा लागेल. कसला व्यायाम, तो नर्सबाईंनी खाटेशी उभं राहून नीट समजावला. पण बाईमाणसाच्या तोंडून असलं ऐकायचं म्हणजे काय! वस्तादांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. कानात शब्द शिरला तो एकच, व्यायाम.

आता पैलवानाला व्यायाम कुणी शिकवायचा? जड काम करायची मनाई उठली आणि वस्तादांनी मागच्या खोलीत बैठकांना सुरुवात केली. छातीत दम कोंडून, पोट घट्ट करून, दात आवळून. लंगोट तर इतका करकचून, की जांघेत काचायला लागला. जितका जोर लावावा तितकी गळती वाढायची, आणि गळती वाढली की गडी लंगोट अजून आवळायचा. त्यावर कडी म्हणजे त्यांनी पाणीच तोडलं. वरून ओतलं नाय तर खालून गळंल कुठून, असा बिनतोड हिशेब. मग लघवीला अशी आग सुटली की डोळ्यांत पाणी यायचं. कुस्तीतली सगळी अक्कल शाबूत होती हो, स्वतःच्या अंगापुढं मात्र ती चालेना.

सोमनाथनं डायपरचा पुडा आणून दिला होता. तो संपल्यावर वस्तादांनी दुसरा आणू दिला नाही. भाड्याच्या खोलीत राहून पोरगा दोन लेकरं वाढवतो, त्यातून आपल्या मुतावर खर्च करायचा, हे त्यांच्या गळ्याखाली उतरेना.

तालमीत जाणं तर कधीच सुटलं होतं. तालमीतली माती ताक, तेल, हळद घालून पोसलेली. तिला नमस्कार केल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, हे वस्तादांनीच पोरांना शिकवलेलं. त्या मातीवर आपला एक थेंब पडला तर? नुसत्या विचारानं त्यांच्या अंगावर काटा यायचा. पोरं बोलवायला आली की ते आतूनच सांगायचे, "ताप हाय." इतके महिने ताप टिकतो का कुठं? पण वस्तादांना विचारायची छाती कुणाची नव्हती.

छाती होती ती आवडाबाईंची. एकदा त्या सकाळी मागच्या दारी गेल्या तर नवरा बादलीत धोतर चुबकत बसलेला. जन्मात स्वतःची कपबशी न विसळलेला माणूस! धुतलेलं फडकं त्यानं पऱ्हाटीच्या गंजीमागं, सावलीत, कुणाला दिसणार नाही असं पसरलं होतं.

आवडाबाई पायरीवर टेकल्या. "सावलीत वाळवू नका," त्या म्हणाल्या. "दमट राहतं, मग अंगाला खाज सुटती. आमी बायांनी सारी उमर असंच लपवून वाळवलं अन् खाजवत बसलो. तुमी तरी उन्हात टाका."

वस्तादांनी धोतर पिळलं. "लोकं काय म्हणतील?"

"म्हणतील धोतर वाळायलंय. दुसरं काय म्हणतील?"

त्याच दुपारी आवडाबाईंनी एक जुनं मऊ झालेलं धोतर फाडलं. त्याच्या जाड घड्या शिवल्या, लंगोटाला आतून खिसा लावला आणि खिशाच्या मागं फाटक्या रेनकोटचा तुकडा. ओली झाली की घडी काढायची, कोरडी सरकवायची. ओली धुऊन कडक उन्हात. बायांनी पिढ्यानपिढ्या आपल्यापुरतं ठेवलेलं शहाणपण बाईनं न लाजता नवऱ्याच्या पदरात टाकलं, आणि वर दटावलं, "आता दवाखान्यात चला. त्या बैठका मला बऱ्या दिसत नायत."

दवाखान्यात या व्यायामाच्या डॉक्टरीणबाई होत्या, स्वरदा नावाच्या, वयानं नातीएवढ्या. त्या म्हणाल्या, "आबा, घरी करता तसं करून दाखवा बरं." वस्तादांनी दम कोंडला आणि बैठक मारली. लगेच लंगोट ओला झाला. ते तिथंच मटकन स्टुलावर बसले.

"आबा, तुम्ही तर सगळं खाली ढकलताय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इथं आत ओढायचंय. पोट सैल, मांड्या सैल, श्वास चालू. समोर सोयरे बसलेत आणि वारा सरायला आला, तर काय करता?"

वस्ताद कानापर्यंत लाल झाले. आवडाबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"आवळून धरतो," ते पुटपुटले.

"बस, तेच. तेवढंच आवळा, थोडं धरा, सोडा. उठायच्या आधी, खोकायच्या आधी आठवणीनं आवळा. पाणी पोटभर प्या. आणि हा लंगोट आधी सैल करा, चामडी सोलून निघाली तुमची."

आयुष्यभर दम कोंडून ताकद कमावलेल्या माणसाला म्हातारपणी दम सोडून ताकद लावायला शिकायचं होतं. पण शिकले! ओट्यावर बसून, खाटेवर पडून, पारावर गप्पा मारता मारता ते आवळत होते, सोडत होते, आणि शेजारच्याला पत्ता नसायचा. हलगी नाही, फेटा नाही, शाबासकीसुद्धा नाही. असली मेहनत करायला काळीज लागतं. हळूहळू रात्र कोरडी जायला लागली. झटकन उठलं किंवा ठसका लागला की मात्र सुटायचं थोडं, घडी लागायचीच.

आणि जत्रा आली. पोरं दारात बसून राहिली. पंच म्हणून वस्तादच हवेत. वस्ताद आत येऊन आवडाबाईंना म्हणाले, "त्या मातीत थेंब सांडला तर मी मेलोच म्हण."

आवडाबाई भाकरी थापत होत्या. "त्या मातीत पोरांचा घाम पडतो, शेंबूड पडतो, रगत पडतं. तिनं कधी कुणाला हाकललं व्हय? तुमच्या दोन थेंबांनीच बाटती काय ती?" एवढं बोलून त्यांनी दोन कोरड्या घड्या पिशवीत घातल्या आणि पिशवी त्यांच्या हातात दिली.

मैदान गच्च भरलं होतं. वस्ताद फेटा बांधून मातीत उतरले तेव्हा पोरांनी शिट्ट्यांनी रान उठवलं. कडेला खुर्चीत नानासाहेब होते. गावचे बडे बागायतदार आणि जुने पंच, पण दोन वर्षांपासून गुडघा धरलाय म्हणून मातीत न उतरणारे. चार कुस्त्या झकास झाल्या. पाचवीत खालच्या गड्याची पाठ टेकली की नाही, हे बघायला वस्ताद झपकन वाकले आणि हात वर करत तितक्याच झपकन उठले. आवळायचं राहिलं. घडी चिंब झाली. अजून एकदा वाकलं की थेंब मातीत, हे त्यांना कळून चुकलं.

चक्कर आली म्हणून सांगितलं असतं तर कुणी शंका घेतली नसती. मग घर, आणि कायमचा ताप. वस्तादांनी हलगीवाल्याला हातानं थांबवलं.

"मंडळी," ते म्हणाले, आवाज थोडा चिरकला, "माझं प्रोस्टेटचं आपरेशन झालंय. तवापासून लघवी सुटती. आत घडी बांधलेली हाय, ती भिजली. बदलून येतो. तवर कुस्त्या थांबवा."

मागून कुणीतरी फिसकन हसलं, तसं कुणाच्या तरी हातानं ते तिथंच दाबलं. वस्तादांनी पिशवी उचलली आणि शाळेच्या मुतारीकडं चालू लागले, मान खाली न घालता.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. नानासाहेब उठले होते. गुडघ्याला हात न लावता, झपझप पावलं टाकत त्यांनी वस्तादांना गाठलं.

"वस्ताद, दमा जरा," ते हळूच म्हणाले. "पिशवीत अजून एखादी असंल तर मला द्या. कशी बांधायची ते बी दाखवा."

वस्तादांनी त्यांच्याकडं नीट पाहिलं, पिशवीत हात घातला आणि म्हणाले, "दोन हायत. चला."