गणित तिसऱ्या तासाला

मी पाट्या रंगवतो. सहा वर्षांपूर्वी शाळेतल्या ताईच्या खोलीवरची पाटी मीच रंगवली होती: प्रभारी मुख्याध्यापिका. प्रभारी म्हणजे तात्पुरती. शाळा-व्यवस्थापनाची परीक्षा पास झाल्याशिवाय तो शब्द पुसला जाणार नव्हता, आणि यंदा नापास झाली तर खुर्चीवर बाहेरचा माणूस बसणार होता. त्यामुळे पन्नाशीला टेकलेली आमची ताई भाजी निवडता निवडता पुस्तक घोकत होती.

त्या पुस्तकाशी तिचं जुनं भांडण. 'अवघड विषय सकाळी ठेवावेत, डोकं ताजं असतं,' हे वाचून तिनं पहिल्याच वर्षी गणित पहिल्या तासाला ठेवलं. उशिरा येणाऱ्यानं तास संपेपर्यंत बाहेर उभं राहायचं, हाही तिचाच नियम. वर्षाखेरीस सातवीतली अकरा मुलं गणितात आपटली.

दुसऱ्या कुणी गणिताच्या सरांच्या डोक्यावर खापर फोडलं असतं. ही बाई वही घेऊन फाटकात उभी राहिली. कोण किती वाजता आलं, कशामुळे, सगळं लिहिलं. अकरांपैकी नऊ जण एकाच बसनं येत, आणि ती बस वेळेवर आलेली कुणी पाहिली नव्हती. ताईनं गणित तिसऱ्या तासाला नेलं आणि बाहेर उभं करणं बंद केलं. पुढच्या वर्षी गणितात एकच मूल राहिलं. वही मात्र तिनं चालूच ठेवली.

तोंडी परीक्षेला मीच तिला स्कूटरवरून सोडलं. दाराबाहेरच्या बाकावर मला सगळं ऐकू येत होतं.

"बाई, गणित तिसऱ्या तासाला?" वेळापत्रक पाहून परीक्षक म्हणाले. "पुस्तक वाचलं नाहीत का?"

मी बाकावर दाराच्या बाजूला सरकलो.

"पाठ आहे, सर. तसं करूनही पाहिलं. माझ्यामुळे नऊ मुलं नापास झाली." तिनं वही पुढे सरकवली असावी, कारण बराच वेळ नुसती पानं वाजत होती.

"म्हणजे पुस्तक चुकीचं?"

"नाही, सर. वेळेवर येणाऱ्या मुलांसाठी बरोबर आहे."

"ही वही ठेवून घेऊ?"

"नको. उद्या सकाळी फाटकात लागेल."

ताई पास झाली. निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी पाटीवरचा 'प्रभारी' खरवडून काढला आणि तिला दाखवायला गेलो, तर खोली रिकामी. बाई वही घेऊन फाटकात.

"पाटी बघायला चल की."

"थांब जरा, बस येऊ दे."

मीही तिच्याशेजारी उभा राहिलो. अशा बाईचा भाऊ म्हणून नुसतं उभं राहिलं तरी अंगावर मूठभर मांस चढतं. बस त्या दिवशीही उशिराच आली.